चेलोची पत्र्याची पेटी

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर हाशम मास्तरांचं धुळ्याहून कार्ड आलं. मजकूर मास्तरांचा, अक्षर त्यांच्या मुलीचं, रईसाचं. उजवा कान गेला. डावा चालू आहे, पण डॉक्टर म्हणतात, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तोही जाईल. त्याआधी एकदा येऊन चेलो ऐकव. आणि अगदी खाली, कडेला कोंबलेली ओळ : वाद्य जपून आण.

जीवराम फिरके यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि त्यांना भरून आलं. त्या भरात ते दुसऱ्या दिवशीच्या एसटीत बसले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण त्यांनी कार्ड तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांची नजर त्या शेवटच्या ओळीवर अडकली.

जीवरामभाऊ जळगावच्या एका कचेरीत आवक-जावकला कारकून होते. आलेला कागद कुठल्या रकान्यात जातो हे पाहायचं आणि तिथे घालायचं, एवढंच काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक योग्य जागा असते आणि ती सापडेपर्यंत हात लावू नये, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. अशा माणसाला कुणी ‘जपून आण’ असं लिहू नये.

चेलो म्हणजे काय, हे जळगावात त्यांना दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागे. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं, माणसाच्या छातीला लागणारं मोठं व्हायोलिन, असं ते सांगत. भुसावळच्या रेल्वेच्या साहेबलोकांचा एक वाद्यमेळ होता. हाशम मास्तर तरुणपणी त्यात वाजवायचे. साहेब गेले, मेळ मोडला आणि चेलो मास्तरांकडे राहिला. जीवरामभाऊ वीस वर्षं दर रविवारी पॅसेंजरने भुसावळला जाऊन त्यांच्यापाशी शिकले. वीस वर्षं मास्तरांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली : “तिसरं बोट उतरतंय. घोडीकडे केसभर सरकव.” तारा जिच्यावर टेकतात ती वाद्याची घोडी. जीवरामभाऊ बोट सरकवत आणि पुढच्या रविवारपर्यंत ते पुन्हा होतं तिथे येत असे. चार वर्षांपूर्वी मास्तर मुलीकडे धुळ्याला राहायला गेले, तेव्हा जाता जाता चेलो जीवरामभाऊंच्या घरी ठेवून गेले. एवढं मोठं वाद्य आपल्याला कुणी विश्वासाने दिलं, याचं त्यांना मनातून फार अप्रूप होतं.

कार्डाची बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या धुरपदाबाई पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर येऊन म्हणाल्या, “गोधडीत गुंडाळ जीवराम, अन् मांडीवर घेऊन बस. मास्तरानं तसंच आनलं होतं.”

यावर सगळे हसले. धुरपदाबाईंनी यावलहून सात नातवंडं एसटीने मांडीवर आणली होती आणि एकालाही खरचटलं नव्हतं. पण वाद्याच्या बाबतीत त्यांना कोण विचारतो? जीवरामभाऊ त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाले, “काकू, तंतुवाद्याला कडक पेटी लागते. शास्त्र आहे त्याचं.”

हे शास्त्र त्यांनी मुंबईच्या एका वाद्यांच्या दुकानाला पत्र लिहून मागवलं. उत्तर यायला महिना गेला. पेट्या तीन प्रकारच्या असतात असं कळलं : कापडी, लाकडी आणि फायबरची. फायबरची सर्वात उत्तम आणि तिची किंमत जीवरामभाऊंच्या पाच पगारांइतकी. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई मोजकं बोलत. त्या म्हणाल्या, “तुम्हीच जा आधी, नुसते भेटून या. वाद्याचं मागून बघू.” नुसतं भेटून काय करायचं, मास्तरांना वाद्य ऐकायचं आहे, असं जीवरामभाऊ म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

मग लाकडी पेटी ठरली. अभिमन मिस्त्री खिडक्या-दारं करण्यात नावाजलेला. त्याने सागवानाची पेटी केली, तीही ओसरीवर बसूनच केली. संक्रांतीला ती पूर्ण झाली तेव्हा तीन गोष्टी ध्यानात आल्या. ती दोघांना उचलत नव्हती, ती घराच्या दारातून आत जात नव्हती आणि ओसरीच्या कठड्यावरून बाहेरही निघत नव्हती. अभिमन म्हणाला, “मजबूत मागितली होती, मजबूत दिली.” आळीतली मंडळी पुढे तिच्यावर बसून पेपर वाचू लागली.

माघात दुसरं कार्ड आलं. अब्बांना आता अजान ऐकायला गच्चीवर जावं लागतं, असं रईसाने लिहिलं होतं. त्या दिवशी जीवरामभाऊंना जेवण गेलं नाही. आपण उशीर करतो आहोत हे त्यांना कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण लाज वाटली की ते आणखी नेटाने पेटीच्या मागे लागत. आता इतका उशीर झालाच आहे, तर निदान पेटी तरी अशी न्यावी की मास्तर म्हणतील, शाबास. मग मार्चअखेर आली आणि कचेरीत मान वर करायला सवड उरली नाही.

चैत्रात त्यांना फारुख पेटीवाला सापडला, किंवा खरं म्हणजे तो तीस वर्षं कचेरीच्या वाटेवरच बसत होता. नवऱ्या मुलींना सासरी जाताना देतात त्या पत्र्याच्या पेट्या तो करायचा. तो घरी आला, चेलोभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि टेपाने मापं घेऊ लागला. खांदा इतका, कंबर इतकी, मान इतकी. दारातून जाणाऱ्या बायका थबकून बघू लागल्या. जीवरामभाऊंनी उगाचच दार लोटून घेतलं.

आठ दिवसांत पेटी तयार झाली आणि ती खरोखर चांगली झाली. हलकी, बळकट, झाकणाला तीन कड्या. फक्त फारुखचा हात सवयीने पुढे गेला होता. सगळी पेटी हिरवीगार, तिच्यावर गुलाबाची फुलं आणि झाकणावर वळणदार अक्षरांत ‘सुखी संसार’.

“फारुखभाई, हे काय?”

“रंग उरला होता,” फारुख म्हणाला. “जीवरामभाऊ, एक सांगतो ते ध्यानात ठेवा. पत्रा मजबूत, पर उन्हात ठेवू नका. वैशाखात पत्र्याची चूल होते.”

“उन्हात कशाला ठेवीन? तीन तासांचा तर रस्ता.”

पेटी घरी आली तशी तीन घरांतून विचारणा झाली की कुणाचं जमलं. जीवरामभाऊंना मूलबाळ नव्हतं. सुनंदाबाईंनी पेटीवर चादर टाकली.

आता राहिलं आतलं अस्तर. पत्र्यावर वाद्य आपटू नये म्हणून काहीतरी मऊ हवं होतं. कापूस घालावा तर दबून एका बाजूला जातो. भुसा म्हणजे कचरा. फोमवाला म्हणाला, पंधरा दिवस थांबा. त्यातच तिसरं कार्ड आलं : कानाशी येऊन मोठ्याने बोललं तरच ऐकू येतं, लवकर या. जीवरामभाऊंनी त्याच दिवशी शनिवारची रजा टाकली आणि धुळ्याला तसं कळवलं. आणि त्याच दिवशी रावेरहून सुनंदाबाईंचे भाऊ लीलाधर येऊन टेकले.

लीलाधरांची केळीची बाग होती. ज्याची बाग असते त्याला कुठल्याही विषयातलं कळतं, अशी रावेरकडे रीत आहे. त्यांनी पेटी पाहिली, चेलो पाहिला आणि तंबाखू मळत म्हणाले, “पाव्हणे, माहा माल वॅगनमधी चार दिवस चालतो अन् दिल्लीले उतरतो. एका फणीले डाग नाही लागत. काहून?”

“काहून?” जीवरामभाऊंनी विचारलं.

“पानाची गादी. केळीचं पान. मऊ राह्यतं, थंड राह्यतं, अन् घरचं हाये.”

“पण वाळलेलं पान खरखरीत असतं.”

“वाळेल कोन म्हनतो? वाळेलनं ओरखडे पडतीन. हिरवं घालू. शनिवारी पहिल्या गाडीनं मी स्वतः घेऊन येतो.”

वीस वर्षं चेलो वाजवलेल्या माणसाला लाकूड आणि ओल यांचं वैर कळू नये? कळत होतं. पण सहा महिने सल्ले ऐकून ऐकून त्यांचं डोकं शिणलं होतं आणि दिल्लीला डाग न लागता माल उतरतो, हे तर सगळ्या जगाला माहीत होतं. शनिवारी पहाटे लीलाधर पानांचे दोन भारे घेऊन हजर झाले. दवाने ओली, कोवळी, लुसलुशीत पानं. त्यांनी तळाला थर दिला, कडेला घड्या दिल्या, मानेखाली उशी केली, वरून पांघरूण घातलं आणि कड्या लावल्या. जीवरामभाऊंनी पेटी उभी केली, आडवी केली, हलवून पाहिली. आतून कणभर आवाज नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना मनापासून समाधान वाटलं. धुरपदाबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या.

पेटी एसटीच्या टपावर चढली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. उन्हाचा तडाखा वाढत होता, पण धावत्या गाडीला वारा लागत होता. अकरा वाजता गाडी धुळ्याबाहेरच्या जकात नाक्यावर थांबली आणि नाक्यावरच्या माणसाला टपावरची गुलाबाची फुलं दिसली. लग्नाची पेटी म्हणजे आत भांडी आणि भांडी म्हणजे जकात. पेटी खाली आली.

नाक्याच्या कारकुनाने वही उघडली. “काय शे भाऊ यामां?”

“चेलो आहे.”

“म्हणजे?”

“वाद्य आहे. वाजवायचं.”

“मंग बँडना सामानमां लिखस,” कारकून पेन उचलत म्हणाला. “पावती ल्या नि जा. गाडी उभी शे.”

इथे फक्त मान हलवायची होती. दोन मिनिटांचं काम होतं. पण जीवरामभाऊंनी त्याच्या वहीत डोकावून पाहिलं. रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं : ढोल, ताशे, तुतारी व बँडचे सामान. ज्या वाद्यासाठी सहा महिने आपण हाडाची काडं केली, मास्तरांनी ज्याला उभा जन्म जपलं, ते ताशाच्या पंक्तीला?

“हे बँडचं सामान नाही,” ते म्हणाले. “हे तंतुवाद्य आहे.”

“तंतुवाद्यना रकाना नही शे आठे.”

“मग चुकीच्या रकान्यात नोंद करू नका. मीही कारकून आहे. नोंद चुकली की पुढचं सगळं चुकतं.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. आपल्याच जातीचा प्राणी भेटल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसलं. “बरोबर बोलनात. मंग रकाना साहेबलेच इचारना पडी. साहेब चार वाजता येतीन.”

कंडक्टरने घंटी मारली. आतून कुणीतरी ओरडलं, “ओ सुखी संसार, येता का जाऊ?” जीवरामभाऊंनी तिकडे वळून पाहिलं नाही. गाडी गेली.

नोंद न झालेला माल चुन्याच्या रेघेच्या आतच राहिला पाहिजे, असा नियम होता. रेघेच्या आत सावली नव्हती. जीवरामभाऊंनी एकदा विचारलं, पेटी निंबाखाली घेऊ का? कारकून म्हणाला, नियम शे. नियम म्हटल्यावर जीवरामभाऊंना पटलं. फारुखचं बोलणं त्यांना आठवलंही, पण आत थंड पानं आहेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ते स्वतः निंबाखाली बसले आणि पेटी वैशाखातल्या धुळ्याच्या उन्हात पडून राहिली. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. पत्र्यावर नजर ठरेना. तीनच्या सुमाराला कुठूनसा केळीच्या पानावर गरम भात वाढल्यावर येतो तसा वास येऊ लागला. जवळपास लग्नाची पंगत बसली असावी, असं त्यांना वाटलं. आपण सकाळपासून उपाशी आहोत, हेही तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं.

साहेब पाच वाजता आले. त्यांनी दोन्ही कारकुनांचं म्हणणं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. “एवढंच ना?” ते म्हणाले. “शेवटचा रकाना बघा. ‘इतर’. त्यात लिहा आणि सोडा.”

‘इतर’ हा रकाना सकाळपासून तिथे होता.

रईसाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. हाशम मास्तर अंगणात खाटेवर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, त्याची इस्त्री बसून बसून मोडली होती. रईसा दारातच हळू आवाजात म्हणाली, “सकाळी दहापासून बसलेत, भाऊ. आज दुपारची अजान त्यांना खाटेवरून ऐकू आली. खूश होते. म्हणाले, आज कान चांगला आहे.”

जीवरामभाऊंनी पेटी मास्तरांपुढे ठेवली. गुलाब आणि ‘सुखी संसार’ पाहून मास्तर हसले. कड्या निघाल्या, झाकण उघडलं आणि आतून वाफ आली. पानं काळी, शिजलेली. जीवरामभाऊंनी वरचा थर बाजूला केला. मान हातात आली, नुसती मान. मग पोटाची फळी, मग पाठीची, मग कडेच्या वळणदार पट्ट्या. सांधे सगळे सुटले होते. एकही तडा नाही, एकही ओरखडा नाही. लीलाधर म्हणाले होते ते खरं होतं, डाग म्हणून लागला नव्हता. फक्त चेलो राहिला नव्हता.

मास्तरांनी एकेक फळी उचलली, खांद्यावरच्या पंच्याने पुसली आणि खाटेवर मांडली. बहिरी माणसं बोलतात तसे ते मोठ्याने म्हणाले, “वाफेने सांध्यांचा सरस सुटला. मीच लावला होता, सत्तावन्न साली. ओली पानं कुणी घातली यात?”

“माझ्या मेहुण्याने,” जीवरामभाऊ म्हणाले.

“काय?”

जीवरामभाऊ त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. तेच वाक्य पुन्हा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते निघेना. “मी घातली,” ते ओरडून म्हणाले.

हे मास्तरांना ऐकू आलं. त्यांनी मान हलवली. बावन्न वर्षांचे जीवरामभाऊ त्या अंगणात, रईसाच्या देखत, तोंडाला रुमाल लावून रडले. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग रईसाला म्हणाले, “याला आधी जेवायला वाढ.”

चेलो धुळ्यालाच राहिला. मास्तरांनी सरस आणवला, चुलीवर वितळवला, एकेक सांधा जोडून सुतळीने आवळला. पण त्यांचे हात पूर्वीचे राहिले नव्हते आणि मधेच पाऊस लागला. हवेत ओल, सरस वाळेना. दोनदा जोडलेलं दोनदा सुटलं. श्रावणात कार्ड आलं, या वेळी मास्तरांच्या स्वतःच्या अक्षरात : वाद्य तयार आहे. कान गेला. तरी ये.

जीवरामभाऊ या खेपेला कुणाला विचारायला गेले नाहीत. सुनंदाबाईंनी भाकरी बांधून दिली. धुरपदाबाई एक जुनी गोधडी घेऊन आल्या आणि त्यांच्या पिशवीवर ठेवून गेल्या.

तेच अंगण, तीच खाट. मास्तर समोर बसले. जीवरामभाऊंनी चेलो गुडघ्यांत धरला, तारांवर फिरवायचा गज हातात घेतला आणि भीमपलासीतली गत सुरू केली, मास्तरांनीच शिकवलेली. आवाज थोडा घोगरा झाला होता, पण होता. दारात उभ्या रईसाला तो ऐकू येत होता, भिंतीपलीकडच्या लोकांना येत होता. ज्यांच्यासाठी सहा महिने पेटी शोधली त्यांना येत नव्हता. वाजवताना जीवरामभाऊंना हे एकसारखं दिसत होतं आणि थांबावं की नाही हे त्यांना कळेना.

मास्तरांची नजर त्यांच्या डाव्या हातावर होती. मधेच त्यांनी बोट उचललं.

“तिसरं बोट उतरतंय,” ते म्हणाले. “वीस वर्षं सांगतोय.”

जीवरामभाऊंनी खाली पाहिलं. खरंच उतरत होतं. त्यांनी बोट घोडीकडे केसभर सरकवलं आणि तीच ओळ पुन्हा वाजवली.

“हां,” मास्तर म्हणाले. “आता बरोबर.” आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

गत संपली तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते. संपली हे त्यांना सांगायचं कसं, म्हणून जीवरामभाऊंनी ती पहिल्यापासून पुन्हा धरली.

हिरवी पेटी रईसाने गहू भरायला ठेवून घेतली. परतताना जीवरामभाऊ चेलो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. बाहेर पाऊस होता. तीन तास त्यांनी हात काढला नाही. डाव्या हाताचं तिसरं बोट गोधडीवरून वाद्याच्या मानेवर टेकलेलं होतं आणि मधून मधून ते बोट केसभर सरकवून बघत होते. जळगावच्या नाक्यावर गाडी थांबली. माणूस आत चढला आणि गोधडीकडे बोट दाखवून म्हणाला, “काय आहे?”

“बँडचं सामान,” जीवरामभाऊ म्हणाले.

त्याने तसं लिहून घेतलं आणि गाडी पुढे गेली.